‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक रद्द होते?

नाही. प्रत्येक निवडणुकीत फिरणारा तो मेसेज विधानसभा आणि लोकसभेला लागू पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर मतदानयंत्रावर शेवटी ‘नोटा’चं, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’चं बटण आलं, पण निकाल ठरतो तो फक्त उमेदवारांच्या मतांवर. 99 मतं ‘नोटा’ला आणि एकच मत उमेदवाराला पडलं, तरी तोच निवडून येतो. अनामत जप्त करतानाही ‘नोटा’ची मतं धरत नाहीत.

2019 च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ 27 हजारांहून जास्त मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होता. निकालावर काडीचाही परिणाम झाला नाही.

गोंधळाचं मूळ बहुधा वेगळ्याच आदेशात आहे. ‘नोटा’ पुढे गेल्यास फेरनिवडणूक घ्यायची, असं महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये ठरवलं, पण फक्त स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी.