कोर्स की उमेदवारी? बाळ कडेवर असताना पडणारा फरक

‘शिवणाचा कोर्स केला’ आणि ‘शिवणकामाची उमेदवारी केली’ (म्हणजे दुकानात काम करत करत शिकले) हे ऐकणाऱ्याला एकच वाटतं. दोन्हीकडे हाताला काम शिकवतात आणि शेवटी बहुधा एक कागद मिळतो. पण शिकणारी सतरा वर्षांची असेल आणि तिच्या कडेवर पाच महिन्यांचं बाळ असेल, तर या दोन वाटा फार वेगळ्या आहेत.

कोर्समध्ये ती विद्यार्थिनी. तास ठरलेले, अभ्यासक्रम ठरलेला, चुकलं तर कापड वाया जातं आणि पुन्हा करता येतं. कमाई मात्र शून्य. उमेदवारीत ती कामाच्या जागी असते आणि तिनं शिवलेलं कुणीतरी विकत घेणार असतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२३ मध्ये उमेदवारीवर एक शिफारस मंजूर केली. तिच्यानुसार उमेदवारी म्हणजे करार, शिकतानाचा मोबदला, प्रत्यक्ष काम आणि कामाबाहेरचं शिक्षण, आणि शेवटी मान्यताप्राप्त पात्रता. यातलं काहीच नसेल आणि मुलगी दिवसभर झाडलोट करून बटणं लावत असेल, तर तिला फुकट राबवणं चाललंय. नाव काहीही दिलेलं असो.

पँटची चेन घ्या. वर्गात ती नव्या कोऱ्या कापडाला लावायला शिकवतात. दुकानात येते ती धुऊन धुऊन विरलेली पँट. आधी जुनी टीप उसवायची, तीही कापडाला भोक न पाडता. मग कंबरपट्टा थोडा सोडवायचा, चेन बसवायची आणि वरची टीप जुन्या टिपेवरच पडेल अशी मारायची. गिऱ्हाईक समोर उभंच असतं. पैसे किती सांगायचे, ‘उद्या या’ म्हणायचं की ‘परवा’, हे वर्गात शिकवणार कसं? तिथं गिऱ्हाईकच नसतं. कोर्स संपल्यावर शिलाई मशीन भेट मिळूनही ते कोपऱ्यात पडून राहतं, त्याचं एक कारण हे आहे.

मग सगळ्यांनी उमेदवारीच करावी का? नाही. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तान्ह्याला दर दोन-तीन तासांनी भूक लागते. दुकानाचा दिवस या हिशेबानं चालत नाही. छोट्या वर्गाला जोडून पाळणाघर ठेवता येतं. जमैकात १९७८ पासून एक सरकारी संस्था गरोदरपणामुळे शाळा सुटलेल्या मुलींना पुन्हा शिक्षणात आणते. त्यांचा मार्ग व्यवसायापेक्षा शालेय शिक्षणाचा, पण बाळाची सोय धरून शिकवणं आखायचं, हे तत्त्व तेच.

उमेदवारीचे तासही कमी करता येतात. जर्मनीत २००५ च्या कायद्यानं मूल सांभाळणाऱ्यांना अर्धवेळ उमेदवारी करण्याची मुभा दिली. २०२० पासून ती सर्वांना खुली आहे. तास निम्म्यापर्यंत कमी होतात आणि त्या बदल्यात मुदत वाढते, जास्तीत जास्त दीडपट. मला हा तोडगा फार आवडतो, कारण शिकण्यात काटछाट होत नाही, फक्त वेग कमी होतो.

एका गोष्टीवर मात्र माझा राग आहे. भत्ता न देणारा सहा महिन्यांचा कोर्स मुलगी तिसऱ्या महिन्यात सोडते आणि रजिस्टरवर शेरा पडतो, ‘आवड नाही’. घरात दुधाचे पैसे नसतात म्हणून ती मिळेल त्या कामावर गेलेली असते. माझ्या मते बाळ लहान असताना आधी छोटा कोर्स, तोही काहीतरी भत्ता देणारा, आणि बाळ वरचं खायला लागलं की अर्धवेळ उमेदवारी, हा क्रम बरा. अठरा वर्षांखालच्या मुलीला धोक्याचं काम देता येत नाही, हे व्यवसाय निवडतानाच पाहावं.

आणि नाव नोंदवण्याआधी या दोन वेळा कागदावर लिहून काढाव्यात: पाळणाघर किती वाजता बंद होतं आणि दुकान किती वाजता. पाच आणि सात असेल, तर मधल्या दोन तासांत बाळ कुणाकडे असेल, हे मालकाशी बोलण्याआधी ठरायला हवं.