मोरसच्या भाजीत मीठ का घालत नाहीत

परवा अलिबागच्या बाजारात मोरसची, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या पालेभाजीची, जुडी घेतली तर भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "मीठ नको घालूस हां, आधीच खारी आहे." शेजारचे एक काका लगेच सुरू झाले, ही झाडं मिठावरच जगतात, खाल्ली की बॉडी डीटॉक्स होते! डीटॉक्स-बिटॉक्स काही नाही, त्यासाठी किडनी आहे. थोडं मीठ मोरसला मानवतं हे खरं, पण खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या खाऱ्या दलदलीत, तिच्या वाट्याला येतं ते त्याच्या कितीतरी पलीकडचं.

लोकांना वाटतं समुद्राच्या जितकं जवळ तितकी जमीन खारट. तसं नसतं. रोजच्या भरतीचं पाणी येतं तिथे तिवरं (खारफुटीची झाडं), आणि त्यामागे जिथे फक्त अमावास्या-पौर्णिमेचं उधाण चढतं तिथे मोरस. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती लहान असते तेव्हा, पाणी तिथवर पोचतच नाही, साचलेलं उन्हाने उडून जातं, मीठ मागे राहतं. मे महिन्यात जमिनीवर पांढरा पापुद्रा धरतो, आणि जुलैत पावसाने तीच जमीन धुऊन निघते.

आता माझा आवडता भाग. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, म्हणजे पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जातं (शाळेतलं परासरण!), त्यामुळे मुळाबाहेरच खारं पाणी असेल तर झाडालाच आतून त्याहून दाट व्हावं लागतं. समुद्राच्या पाण्याची ही ओढ हवेच्या दाबाच्या 25 पटीच्या आसपास भरते आणि आपली शेतातली पिकं साधारण 15 पटीलाच माना टाकतात. मोरस काय करते, तेच मीठ आत घेते. पण सोडियम पेशीत मोकळं सुटलं तर एन्झाइम बिघडतात, म्हणून पेशीच्या मधोमध जी पाण्याची मोठी पिशवी असते, रिक्तिका, तिच्यात ते कोंडते. पिशवीच्या पडद्यावरचे पंप हायड्रोजन आयन आत ढकलतात, ते बाहेर पडताना सोडियम आत खेचला जातो, सगळं ऊर्जा खर्चून. मग पिशवीबाहेरचा पेशीद्रव पातळ पडेल ना, तर तिथे ग्लायसिन बीटेन नावाचं निरुपद्रवी द्रव्य भरून तोल साधते. बीटेन हे नाव बीटवरून आलं, आणि बीट, पालक, चाकवत हे सगळे मोरसचेच भाऊबंद. पानं गुबगुबीत दिसतात ती या भरलेल्या पिशव्यांमुळे. भाजी उकडली की त्या फुटतात आणि मीठ पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकून द्यायचं.

खाजणातल्या सडक्या अंड्यासारख्या वासाला भुताटकी म्हणणारे अजून भेटतात. अहो, चिखलात ऑक्सिजन नसतो, तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून श्वसन करतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि लोखंडाशी जुळून तोच चिखल काळा करतो. खेकड्याच्या बिळाची कड मात्र नीट बघा, तिथे हवा पोचते, त्यामुळे ती काळी नसून गंजासारखी तपकिरी असते.