कच्च्या पत्ताकोबीची पचडी : साचा जुना, भाजी नवी

पत्ताकोबीची कच्ची पचडी मराठवाड्यात घरोघरी होते आणि 'आमच्या घरची पद्धत' म्हणूनच सांगितली जाते. पण तिच्यातले जिन्नस एकेक करून पाहिले तर निम्मे बाहेरचे निघतात. कोबी युरोपातल्या किनारपट्टीच्या रानटी रोपापासून माणसाने घडवलेला. मिरची आणि शेंगदाणा अमेरिका खंडातले, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे रुजलेले. ११३० च्या सुमारास कल्याणीच्या (म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणच्या) सोमेश्वर तिसऱ्या चालुक्याने 'मानसोल्लास' रचला, त्यात राजाच्या जेवणाचा सविस्तर भाग आहे. मराठवाड्याचा बराचसा मुलूख तेव्हा कल्याणीच्याच अमलाखाली होता. त्या मुदपाकखान्यात तिखटाला मिरी होती. मिरची, दाणे, कोबी यांतलं काहीच तिथे असायचा प्रश्न नव्हता.

इथली आहे ती रीत. कच्चा पाला बारीक चिरायचा, त्याला तेलबियांचा कूट लावायचा, वरून तेल नाहीतर फोडणी, आणि मीठ अगदी शेवटी. मेथीचा, कांद्याच्या पातीचा, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा आजही असाच होतो. त्यात दाण्याचा कूट हा उशिरा आलेला पाहुणा. त्याआधीचे जिन्नस तीळ, कारळं आणि जवस. कारळाचा कूट घातला की पचडी काळपट दिसते, म्हणून पाहुण्यांसमोर ती सहसा येत नाही; चवीला मात्र दाण्यापेक्षा सरस. उदगीर, देगलूर, निलंगा या सीमेकडच्या पट्ट्यात कूट कमी आणि भिजवलेली मूगडाळ जास्त. तिथे हीच पचडी कानडी कोसंबरीच्या जवळ जाते.

कोबी या साच्यात बसायला उशीर लागला, त्याचं मोठं कारण बियाणं. कोबीचा गड्डा आपल्या हिवाळ्यात छान भरतो, पण फुलावर येऊन बी धरायला त्याला कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते. तेवढी थंडी परभणीत काय, महाबळेश्वरातही पडत नाही. मेथीचं, मुळ्याचं बी शेतकरी घरीच धरून ठेवी. कोबीचं दरवर्षी विकत घ्यावं लागे, आणि ते परदेशातून यायचं. स्वातंत्र्यानंतर कुलू खोऱ्यातल्या कटराईनला भारतीय कृषी अनुसंधान संस्थेच्या केंद्रात या थंड हवेच्या भाज्यांच्या बियाण्यावर काम उभं राहिलं. 'गोल्डन एकर' हा आपल्याकडे फार लावला गेलेला वाण: लावणीनंतर साधारण ६० ते ६५ दिवसांत तयार, गड्डा गोल, घट्ट, एक ते दीड किलोचा. आता त्याची जागा बहुतेक ठिकाणी संकरित वाणांनी घेतली आहे.

दुसरी अडचण पाण्याची. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि शेती मुख्यतः कोरडवाहू: ज्वारी, कापूस, कडधान्यं, करडई. विहिरीवर मोट चालवून जे थोडं भिजायचं त्यात वांगी, मिरची, कांदा आधी. दर आठ-दहा दिवसांनी पाणी मागणाऱ्या कोबीला तिथे कोण जागा देणार? जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ मध्ये धरणाचं उद्घाटन. पैठणपासून निघालेला डावा कालवा जालना, परभणीकडे गेला, उजवा बीडकडे. मग विहिरींवर मोटारीही आल्या आणि रब्बीत कोबी परवडू लागला. कालव्याच्या पाण्याची एक खोड कोबीवाल्याला चांगली ठाऊक असते. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सुटायची पाळी, लांबलं आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं, की भरत आलेले गड्डे तडतडा फुटतात. आतली पानं पाणी पिऊन झपाट्याने वाढतात, बाहेरच्या पानांना तेवढा ताण सोसत नाही. फुटलेला गड्डा बाजारात स्वस्त मिळतो; भाजीला चालतो, पचडीला घेऊ नये, कारण फटीतून माती आणि अळी आत गेलेली असते.

नवखेपणाची खूण अजूनही शिल्लक आहे. कित्येक घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकाला कोबी चालत नाही. गवार, कारलं, भोपळा चालतो. मंगल कार्यालयातल्या पंगतीत मात्र त्याने काकडीला मागे सारलं, कारण चिरलेली काकडी पहिल्या पंगतीतच पाण्यात पोहू लागते आणि कोबी दोन पंगती तग धरतो.

चार माणसांसाठी पाव किलो कोबी पुरतो. गड्डा हाताला जड लागणारा, किलोच्या आतला घ्यावा. वरची दोन-तीन पानं काढून टाकावीत, गड्ड्याचे चार भाग करून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवावेत. मावा आणि अळ्या सुटून येतात. धुणं काय ते चिरण्याआधी. चिरल्यावर धुतला की चव पाण्याबरोबर जाते आणि कीस निथळता निथळत नाही. दांडा काढून विळीवर पोह्यासारखा पातळ चिरावा. जाड चिरला तर कूट त्याला धरत नाही, खाली बसतो. किसणीवर किसू नये. किसल्याने पेशी जास्त फुटतात, पाणी सुटतं आणि कोबीचा तो उग्र दर्पही वाढतो. हा दर्प अख्ख्या पानात नसतो, पान चिरडल्यावरच तयार होतो. म्हणून सकाळी चिरून ठेवलेला कोबी दुपारी वास मारतो.

दाणे मंद आचेवर, सालावर काळे डाग पडेपर्यंत भाजावेत. सालं पाखडून जाडसर कूट करावा आणि तीन मोठे चमचे घ्यावा. मिक्सर सलग फिरवला तर दाणे तेल सोडतात आणि कुटाचा लगदा होतो. थांबून थांबून फिरवावा. शिवाय दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस, अर्धा चमचा साखर, पाऊण चमचा मीठ. हे चमचे लहान.

फोडणीला करडईचं तेल, दोन लहान चमचे. घाण्याचं असेल तर ते लवकर धुरतं, तेव्हा आच मध्यम ठेवावी. अर्धा चमचा मोहरी पूर्ण तडतडू द्यावी. अर्धवट राहिली तर कडू लागते. मग जिरं, मिरच्या, कढीपत्ता, हिंग. गॅस बंद करून पाव चमचा हळद. फोडणी मिनिटभर निवू देऊन ओतावी. कडकडीत ओतली तर कोवळा कोबी मलूल पडतो. उन्हाळ्यातला कोबी मात्र चिवट आणि उग्र असतो, त्याच्यावर गरम फोडणीच बरी.

क्रम असा: कोबी, कूट, कोथिंबीर, फोडणी, मग लिंबू-साखर, मीठ ताटं वाढताना. मीठ आधी पडलं की पाव तासात तळाशी पाणी, आणि कूट त्यात भिजून सगळं चिकट. पाणी सुटलंच तर पिळून टाकू नये, आणखी चमचाभर कूट मिसळावा. मूगडाळ घालायची असेल तर दोन चमचे डाळ तासभर भिजवून, पूर्ण निथळून घ्यावी आणि कूट निम्मा करावा. कूट आणि डाळ दोन्ही भरपूर घातले की कोबी शोधावा लागतो.

पन्नास पानांच्या पंगतीला तीन किलो चिरलेला कोबी लागतो. तो एकदम कालवू नये. कोबी आणि कूट-कोथिंबिरीचं मिश्रण वेगवेगळ्या पातेल्यांत ठेवून पंगतीपुरतं एकत्र करावं. एवढ्या कोबीला तेल बारापट लागत नाही, त्याहून कमीत भागतं.