टाक्याटाक्याने घडणारी ऊब

शिंप्याच्या हाती कापड तयार होऊन येते. ते किती जाड असेल, किती ताणले जाईल, कोणत्या बाजूने लोंबेल, हे सगळे आधीच ठरून गेलेले असते आणि त्याला ते फक्त बेतायचे, कापायचे आणि शिवायचे असते. दोन सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन बसणाऱ्या व्यक्तीचे काम मुळातच वेगळे आहे, कारण ती कापड आणि कपडा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच धाग्यातून घडवत असते. सुई कितव्या नंबरची घ्यायची, धागा बोटावर किती ओढून धरायचा, सुलट टाक्यानंतर उलट टाका कधी घ्यायचा, यांतला प्रत्येक निर्णय त्या कापडाचे गुणधर्म ठरवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास घरोघरी ठेवणीतल्या सुया बाहेर निघतात आणि पहिल्या थंडीच्या आत बाळाचे टोपडे व पायमोजे पुरे करण्याची लगबग सुरू होते, तेव्हा शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर तिथे पदार्थांची रचना चाललेली असते. ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणून पिढ्यान् पिढ्या बाजूला ठेवलेल्या या कामातले विज्ञान नीट उलगडून सांगितले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मागावरच्या कापडात ताण्याचे आणि बाण्याचे धागे एकमेकांना काटकोनात, जवळजवळ सरळ पडलेले असतात. असे कापड ओढले तर प्रत्यक्ष धागाच लांबवावा लागतो, आणि सुती धागा फारसा लांबत नाही. सुयांवरच्या विणकामात मात्र सरळ धागा कुठेच नसतो. त्याचा प्रत्येक तुकडा फासात वळलेला असतो आणि प्रत्येक फास खालच्या ओळीतल्या फासातून वर आलेला असतो. अशी वीण ओढली की फासांचा आकार बदलतो, उंच फास आडवे पसरतात, थोडा धागा एका टाक्यातून शेजारच्या टाक्यात सरकतो, आणि ओढ सोडली की वाकवलेला धागा पुन्हा आपल्या पहिल्या वळणावर येऊ पाहतो. अजिबात न ताणणाऱ्या सुती दोऱ्याचाही घोट्यावर घट्ट बसणारा मोजा विणता येतो तो यामुळेच. या सगळ्या रचनेत गाठ एकही नसते. टाके परस्परांच्या आधाराने उभे असतात, म्हणून तर एक टाका सुईवरून निसटला की त्याखालची शिडी भराभर मोकळी होत जाते.

सुलट टाका आणि उलट टाका हे दोन वेगळे टाके नाहीत. एकच फास पुढून आणि मागून पाहिला की ही दोन रूपे दिसतात. सुलट टाक्यात फास मागून पुढे ओढला जातो, उलट टाक्यात पुढून मागे. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट असे विणत गेले की पुढची बाजू सगळी सुलट दिसते, आणि अशा विणीच्या दोन्ही बाजूंच्या कडा मागे वळतात, तर वरची व खालची कड पुढे वळते. नवशिक्यांना हा आपल्या हाताचा दोष वाटतो. वास्तविक प्रत्येक टाक्यात धागा एकाच दिशेने वाकवलेला असतो, तो सरळ होण्याची धडपड करतो, आणि ओळीतल्या सगळ्या टाक्यांची ही धडपड एकाच बाजूला साठत गेल्याने कड वळल्यावाचून राहत नाही.

यावरचा उपाय विणणाऱ्यांनी फार पूर्वी शोधला. स्वेटरच्या खालच्या पट्टीला आणि मनगटाला ‘दोन सुलट, दोन उलट’ विणतात. सुलट टाक्यांचे उभे पट्टे पुढे येतात, उलट टाक्यांचे मागे सरतात, आणि पट्टी पेटीच्या भात्यासारखी आडवी मिटते. ओढली की उलगडते, सोडली की पुन्हा मिटते. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर ही घडी आडव्या ओळींमध्ये पडते आणि वीण उभ्या दिशेने सैल, लवचिक होते. एक सुलट, एक उलट असे करत पुढच्या ओळीत त्यांची अदलाबदल केली, तर दोन्ही दिशांच्या ओढी एकमेकींना मारतात आणि कापड सपाट राहते. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील एलिसाबेटा मात्सुमोतो या भौतिकशास्त्रज्ञ स्वतः विणतात. त्यांच्या गटाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात नेमक्या याच चार विणी प्रयोगाने आणि संगणकीय प्रतिरूपाने तपासल्या, आणि टाक्यांचा क्रम बदलला की कापडाचा ताठरपणा कसा बदलतो याचे गणित मांडले. मऊ यंत्रमानवापासून वैद्यकीय पट्ट्यांपर्यंत जिथे कापडाने ठरावीक ठिकाणी ठरावीक इतकेच ताणले जावे अशी अपेक्षा असते, तिथे हे गणित कामाला येऊ शकते.

यंत्राला ही गोष्ट किती अवघड गेली हे पाहण्याजोगे आहे. इंग्लंडमधील विल्यम ली यांनी मोजे विणण्याचे यंत्र १५८९ साली तयार केले. त्यातून सगळे टाके एकाच बाजूने ओढलेली साधी वीण निघे. सुलट-उलट पट्ट्यांची ताणणारी वीण देणारी जोडणी जेडेडाया स्ट्रट यांनी त्या यंत्राला बसवली ती १७५० च्या दशकाच्या अखेरीस. हाताने विणणाऱ्यांना ती वीण त्याआधीपासून सहज येत होती.

आता टाक्यांच्या हिशेबाकडे वळू. समजा, नमुन्यात १० सेंटिमीटर रुंदीला २२ टाके सांगितले आहेत आणि १०० सेंटिमीटर घेराचा स्वेटर हवा आहे. त्यासाठी एकूण २२० टाके घालावे लागतील. विणणाऱ्याचा हात थोडा सैल असेल आणि त्याच १० सेंटिमीटरमध्ये २० टाकेच बसत असतील, तर तेच २२० टाके ११० सेंटिमीटर घेराचे होतील आणि स्वेटर अंगावर झुलेल. दर १० सेंटिमीटरला फक्त दोन टाक्यांचा हा फरक आहे. म्हणून अनुभवी विणणाऱ्या आधी एक चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजतात आणि मगच सुईचा नंबर पक्का करतात. आपल्याकडे सुयांना जुने ब्रिटिश क्रमांक चालतात, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची असते, तर १० नंबरची ३.२५ मिलिमीटरची. पाऊण मिलिमीटरच्या या फरकाने फासाचा घेर बदलतो आणि त्याबरोबर कापडात अडकणाऱ्या हवेचे प्रमाणही.

ऊब खरे तर त्या हवेची असते. लोकरीचा तंतू स्वतः उष्णतेला अडवतोच, परंतु स्थिर हवा त्याहून कितीतरी जास्त अडवते, आणि हाताने विणलेल्या स्वेटरच्या जाडीत धाग्यापेक्षा हवेलाच अधिक जागा मिळालेली असते. अट इतकीच की ती हवा हलता कामा नये. लोकरीचा तंतू जन्मतःच नागमोडी असतो, कारण त्याच्या दोन बाजूंच्या पेशींची रचना थोडी वेगळी असते आणि त्या असमान वाढीमुळे तो वळत जातो. अशा वळणदार तंतूंचा धागा कितीही पिळला तरी पुरता दाबला जात नाही, त्याच्या पोटात लहान लहान पोकळ्या शिल्लक राहतात आणि हवा तिथेच थांबते. फार घट्ट विणले तर या पोकळ्या चेपतात. फार सैल विणले तर वारा आरपार जातो. अंगाला न चिकटणारा, थोडा ऐसपैस स्वेटर जास्त उबदार वाटतो त्याचेही कारण हेच.

लोकरीचा दुसरा गुण पाण्याशी निगडित आहे. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतकी वाफ शोषून घेते, तरीही हाताला ओली लागत नाही. आपल्या बाजारात मिळणारी स्वस्त ‘लोकर’ बहुतेक वेळा कृत्रिम तंतूची, म्हणजे अ‍ॅक्रिलिक असते, आणि अ‍ॅक्रिलिक नेहमीच्या हवेत दोन टक्क्यांच्या आसपासच ओलावा धरते. वाफेचे रेणू लोकरीतल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतात तेव्हा थोडी उष्णता बाहेर पडते. शेकोटीने कोरड्या झालेल्या खोलीतून दमट, बोचऱ्या हवेत पाऊल टाकताच लोकरीचा कपडा ओलावा ओढू लागतो आणि अंगाला बसणारा थंडीचा पहिला तडाखा काहीसा सौम्य होतो. अ‍ॅक्रिलिकची बाजूही सांगितली पाहिजे: ते रोज धुता येते, आटत नाही, टोचत नाही, आणि तान्ह्या बाळाचे कपडे दिवसातून तीनदा बदलणाऱ्या घरात या सोयीला मोल आहे.

टोचण्याचा मुद्दा मात्र स्वतंत्रपणे समजून घेण्यासारखा आहे. लोकर टोचते ती बहुधा अ‍ॅलर्जीमुळे नव्हे, तंतूच्या जाडीमुळे. बारीक तंतूचे टोक त्वचेला लागले की वाकून जाते. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू वाकत नाही आणि त्वचेखालच्या वेदनेच्या चेतातंतूंना डिवचतो. असे जाड तंतू धाग्यात पाच टक्क्यांच्या वर गेले की बहुतेकांना कपडा नकोसा वाटतो. मेरिनो मेंढीची लोकर मऊ लागते कारण तिचे तंतू बहुधा २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. तिची मागावर विणलेली, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली घोंगडी धनगरांना उन्हापावसात साथ देते, पण त्या लोकरीचे टोपडे बाळाच्या कपाळाला सोसणार नाही.

हवामान, मेंढी आणि वीण यांचे नाते पाहायचे तर स्कॉटलंडच्या उत्तरेला, ६० अंश अक्षांशावर असलेल्या शेटलंड बेटांकडे पाहावे. तिथे डिसेंबरच्या मध्यानंतर दिवस सहा तासांचाही नसतो आणि समुद्रावरचा दमट वारा सतत वाहत असतो. तिथल्या लहानखुऱ्या मेंढ्यांची लोकर उन्हाळ्याच्या सुरुवातीला आपसूक सुटू लागते, तेव्हा ती हातांनी ओढून काढण्याची जुनी रीत आहे. या बेटांमधल्या फेअर आयल नावाच्या बेटावरून जगभर गेलेल्या रंगीत विणीत एका ओळीत दोनच रंग वापरतात, आणि जो रंग पुढे नसतो त्याचा धागा पाठीमागून आडवा जातो. नक्षी पुढून दिसते, पण पाठीमागे आपोआप धाग्यांचा दुसरा थर तयार होतो आणि कपडा दुहेरी उबेचा होतो. इथल्या विणणाऱ्या स्वेटर गोल विणतात आणि मग जिथे बाही किंवा पुढची उघडी बाजू हवी तिथे विणलेले टाके चक्क कात्रीने कापतात. पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होते, पण टाके सुटत नाहीत, कारण लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि ते शेजारच्या तंतूंमध्ये रुतून बसतात. हेच खवले गरम पाणी, साबण आणि चोळणे एकत्र आले की एकाच दिशेने सरकत घट्ट गुंततात आणि स्वेटर कायमचा आटतो.

त्या बेटांवरच्या स्त्रिया कमरेला घोड्याचे केस भरलेला, भोके पाडलेला चामडी पट्टा बांधत आणि उजव्या सुईचे टोक त्यात खोवत. सुईचा भार पट्ट्यावर गेल्याने हात वेगाने चाले, आणि पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालतानाही वीण सुरू राही. आज तिथे २०१० पासून दर शरद ऋतूत लोकरीचा सप्ताह भरतो आणि दूरदूरच्या देशांतून विणणारी माणसे येतात.

आपल्याकडची परंपरा वेगळी आहे, आणि तिच्यातली एक पद्धत मला विशेष मोलाची वाटते: लहान झालेला स्वेटर उसवून त्याच लोकरीचा नवा विणण्याची. उसवलेला धागा सरळ होत नाही. प्रत्येक टाक्याचे वळण त्यात तसेच राहते, आणि तसाच विणला तर नवे टाके वेडेवाकडे दिसतात. घरातली जाणती बाई त्याची लडी करून ती कोमट पाण्यात बुडवते आणि खाली हलके वजन बांधून वाळत घालते. वाळल्यावर धागा सरळ झालेला असतो. केराटिनच्या लांब रेणूंना जागेवर धरणाऱ्या बंधांपैकी हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्या स्थितीत पुन्हा जुळतात. गंधकाचे बळकट बंध मात्र कायम राहतात, म्हणून तंतू तुटत नाही. हे रेणू मळसूत्री असतात आणि ओढल्यावर उलगडतात, याचा पहिला माग इंग्लंडमधील लीड्स येथे भौतिकशास्त्रज्ञ विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी १९३० च्या दशकात क्ष-किरणांनी काढला, तोही लोकरीवरच. त्या मळसूत्राची अचूक रचना रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये मांडली. प्रथिनांच्या आधुनिक विज्ञानाचा एक महत्त्वाचा धागा असा लोकरीतून निघालेला आहे.

विणकाम एकट्याने करता येते, तरी ते शिकले जाते दुसऱ्याच्या हाताकडे पाहून, आणि हिवाळ्यातल्या दुपारी गच्चीवरच्या उन्हात चारजणी बसल्या की एकीचा निसटलेला टाका दुसरी उचलून देते. १९६२ च्या चीन युद्धात हिमालयात लढणाऱ्या जवानांसाठी देशभरातल्या स्त्रियांनी स्वेटर आणि मोजे विणले, ते याच सामूहिक सवयीच्या बळावर. २०१३ साली ब्रिटनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निरनिराळ्या देशांतल्या साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांनी उत्तरे दिली. जे वारंवार विणतात त्यांनी अधिक शांत आणि आनंदी वाटत असल्याचे सांगितले, आणि गटात बसून विणण्याचा संबंध समाधानाशी व माणसांतल्या वावराशी दिसून आला. उत्तरे देणारे स्वतः विणकामाचे चाहते होते, म्हणून यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही हातांची ठेक्यातली हालचाल, डोळ्यांसमोर वाढत जाणारे काम आणि शेजारी बसलेली सोबत या तिन्हींचा मिळून मनावर परिणाम होत असावा, हे मला पटते.

महाराष्ट्रातला हिवाळा लहान. फेब्रुवारी सरता सरता लोकरीचे कपडे पेटीत जातात, आणि मग भीती असते कसरीची. कसरीच्या अळीला केराटिन पचवता येते, जे फार थोड्या प्राण्यांना जमते, आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेल्या कपड्यांकडे ती आधी वळते. म्हणून हंगाम संपताना लोकरीचे कपडे सौम्य साबणाच्या थंड पाण्यात न चोळता धुवावेत, पिळू नयेत, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत सपाट पसरून वाळवावेत. दोरीवर टांगले तर पाण्याच्या वजनाने ओले टाके उभे ताणले जातात आणि त्याच आकारात वाळतात. पूर्ण कोरडे झाल्यावरच ते बंद पिशवीत ठेवावेत, आणि पावसाळ्यात एखादे कडक उन्हाचे दिवस मिळाले की बाहेर काढून एकदा झटकावेत.