पॉइंट गार्ड की शूटिंग गार्ड?

इंदूरला रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये मुलांची मॅच बघायला आलेले आईबाबा हमखास विचारतात, "पॉइंट गार्ड आणि शूटिंग गार्ड, दोघंही गार्डच ना, मग फरक काय?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच ज्याचे पॉइंट जास्त तो भारी, असं ठरवून मोकळे होतात.

समोरच्यांनी बास्केट केली की बाहेरून पहिला पास कोण मागतो ते बघा. बहुधा तोच पॉइंट गार्ड. ८ सेकंदांत चेंडू अर्ध्या कोर्टापलीकडे न्यायचा आणि २४ सेकंदांत कोणीतरी शॉट मारेल याची सोय करायची, हे त्याचं काम. त्याच्या टीमचा सेंटर, म्हणजे बहुधा सगळ्यात उंच गडी, येऊन डिफेंडरच्या वाटेत उभा राहतो, पॉइंट गार्ड त्याला वळसा घालतो. आता सेंटरला अडवणारा उंच डिफेंडर अंगावर आला, तर पास बास्केटकडे धावणाऱ्या सेंटरला. तो डिफेंडर मागेच थांबला, तर स्वतः शॉट. कोपऱ्यातला डिफेंडर मदतीला आत सरकला, तर कोपऱ्यात मोकळा राहिलेल्या गड्याला पास. एवढं सगळं दोनेक ड्रिबलमध्ये, म्हणजे चेंडू दोनदा आपटेपर्यंत ठरवायचं, आणि पास देऊन बास्केट झाली तर स्कोअरशीटवर फार तर एक असिस्ट!

शूटिंग गार्डचा खेळ चेंडू हातात नसताना चालतो. अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये ५ डिसेंबर २०१६ ला शूटिंग गार्ड क्ले थॉम्पसननं २९ मिनिटांत ६० पॉइंट केले, पण चेंडू त्याच्या हातात होता जेमतेम दीड मिनिट, आणि ड्रिबल फक्त ११. बाकी सगळा वेळ नुसती पळापळ, डिफेंडरला चुकवून मोकळी जागा गाठायची.

करिअरचा विचार केला तर पॉइंट गार्डची विद्या जास्त टिकते, असं मला वाटतं. पॉइंट गार्ड जॉन स्टॉकटन १९ सीझन एकाच टीमकडून, युटा जॅझकडून खेळला. २००३ मध्ये थांबला तेव्हा वय ४१ आणि असिस्ट १५,८०६. दुसरा पॉइंट गार्ड जेसन किड २०१३ मध्ये निवृत्त झाला आणि त्याच वर्षी थेट एनबीए टीमचा हेड कोच.

आता स्टेफ करी म्हणजे पॉइंट गार्ड असून थ्री-पॉइंटरचा, म्हणजे लांबून मारलेल्या तीन पॉइंटच्या शॉटचा विक्रमवीर, त्यामुळे सीमारेषा पुसट झालीये हे खरं. पण ठेंगणा मुलगा दिसला की त्याला पॉइंट गार्ड करून टाकायचं, ही पद्धत काही पटत नाही. मॅजिक जॉन्सन पॉइंट गार्डच होता, आणि उंची २०६ सेंटिमीटर.