आघातानंतर माणूस वाढतो, तो कशाच्या आधाराने?

मोठ्या आघातातून गेलेली काही माणसे पुढे काही बाबतींत पूर्वीपेक्षा समर्थ झालेली दिसतात. अमेरिकेतील रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी या बदलाला ‘आघातोत्तर वाढ’ असे नाव दिले आणि १९९६ मध्ये तो मोजण्यासाठी २१ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. नात्यांतली जवळीक, नव्या वाटा, स्वतःच्या बळाची जाणीव, आयुष्याचे मोल आणि आध्यात्मिक बदल ही तिची पाच अंगे आहेत.

आघात झाला म्हणजे वाढ होतेच, असे मुळीच नाही. ‘आपल्या बाबतीत असे काही होणार नाही’ यांसारख्या ज्या समजुतींच्या भरवशावर आपण निर्धास्त जगतो, त्या आघातात कोसळतात आणि त्यांची नव्याने मांडणी करताना ही वाढ होते. सुरुवातीला आठवणी नको असताना अंगावर येतात, झोप उडवतात. कालांतराने माणूस स्वतःहून घटनेचा अर्थ लावू लागतो, आणि वाढीशी अधिक जवळचा संबंध आढळतो तो या दुसऱ्या प्रकारच्या विचारांचा. तिथवर पोहोचण्यासाठी बहुतेकांना मनापासून ऐकणारे कोणीतरी लागते. माझ्या मते सर्वांत मोलाचा घटक हाच. ‘झालं गेलं विसरून जा’ हे आपल्याकडचे सांत्वन चांगल्या हेतूने केले जाते, पण त्याने दुःखी माणसाचे बोलणे तिथेच खुंटते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने दगडमातीची घरे जड माळवदांसह झोपेतल्या माणसांवर कोसळली. पुढे पुनर्वसनाच्या कामात गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. घर भूकंपात टिकावे म्हणून त्याची दुरुस्ती कशी करावी हे त्या गावकऱ्यांना समजावत आणि त्यांच्या अडचणी अधिकाऱ्यांपुढे मांडत. २००१ मध्ये कच्छ हादरले तेव्हा त्यांच्यातल्या काही जणी तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. यावरून त्यांच्या मनातल्या बदलाचे माप काढता येणार नाही. मात्र एकमेकींची सोबत, हाताला काम आणि आपले सोसणे दुसऱ्याच्या उपयोगी पडणे, हे संशोधकांना महत्त्वाचे वाटणारे घटक इथे एकत्र दिसतात.

वाढ झाली म्हणजे वेदना संपली, असा अर्थ कोणी काढू नये, कारण दोन्ही एकाच मनात नांदू शकतात. शिवाय ‘मी बदललो’ ही भावना आणि प्रत्यक्ष बदल यांचा मेळ बसतोच असे नाही. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांच्या आघातापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा तो मेळ फारसा आढळला नाही. म्हणून दचकणे, दुःस्वप्ने आणि त्या प्रसंगाची आठवण टाळणे महिना उलटूनही कमी होत नसेल, तर माणूस वरून कितीही खंबीर दिसला तरी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.