सायकलमार्ग आधी कुठे बांधायचे? प्राधान्यक्रमाची पन्नास वर्षे

सायकलमार्गांचे आराखडे शहरांकडे भरपूर असतात. पैसे आणि रस्त्यावरची जागा मात्र एका वेळी दोन-चार कामांपुरतीच मिळते. मग पहिला नंबर कोणाचा लावायचा? आज हे गुणांकनाच्या तक्त्यावर ठरते. त्या तक्त्यातला जवळजवळ प्रत्येक रकाना कुठल्या ना कुठल्या शहरातल्या जमलेल्या किंवा फसलेल्या प्रयोगातून आला आहे.

सुरुवात अपघातांपासून झाली. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पुढच्याच वर्षी ‘स्टॉप दे किंडरमोर्ड’, म्हणजे ‘मुलांची हत्या थांबवा’, ही चळवळ उभी राहिली. १९७३च्या तेलसंकटानंतर सरकारलाही सायकल आठवली. जिथे अपघात तिथे आधी काम, हा निकष तेव्हापासून टिकून आहे आणि त्याला विरोध करणे अवघड आहे. पण ज्या चौकाकडे भीतीपोटी कोणी सायकल वळवतच नाही, तिथे सायकलचे अपघातही होत नाहीत. नोंदींमध्ये तो चौक सुरक्षित दिसतो आणि यादीत तळाला जातो.

त्याच दशकाच्या मध्यात डच सरकारने हेग आणि टिलबर्ग इथे ‘नमुना’ मार्ग बांधले. शहर चिरत जाणारा एकच, पण उत्तम दर्जाचा मार्ग. त्यावर गर्दी वाढली, मात्र त्यांतले बरेच जण शेजारच्या रस्त्यांवरून तिथे आलेले जुनेच सायकलस्वार होते. शहरातले एकूण सायकलिंग फारसे हलले नाही. एका देखण्या मार्गाचे उद्घाटन अजूनही अनेक शहरांना मोहात पाडते, म्हणून हा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा.

डेल्फ्ट या डच शहराने उलट वाट धरली. तिथे १९७९च्या आराखड्यात तीन स्तरांचे जाळे आखले होते: सुमारे अर्ध्या किलोमीटरवर शहरभर जाणारे मुख्य मार्ग, त्यांच्यामध्ये विभागातले आणि सर्वांत दाट असे गल्लीपातळीवरचे. रस्त्यांचा मोठा भाग आधीच सायकल चालवण्याजोगा होता, त्यामुळे पैसा तुटलेल्या दुव्यांवर गेला. कुठे कालव्यावरचा पूल, कुठे रेल्वेखालचा बोगदा, कुठे एकेरी रस्त्यावर सायकलला दिलेली दुहेरी मुभा. फेऱ्यांमधला सायकलचा वाटा सुमारे ४० टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला. आकडा लहान वाटेल, पण तिथे आधीच दर पाचातल्या दोन फेऱ्या सायकलने होत होत्या. प्राधान्यक्रमाच्या इतिहासातला खरा वळणबिंदू मला हाच वाटतो, कारण इथून प्रश्न ‘कोणता रस्ता’ असा न राहता ‘कोणता तुटलेला दुवा’ असा झाला. १९९३च्या डच मार्गदर्शिकेत सलगता, थेटपणा, सुरक्षितता, आराम आणि आकर्षकता असे पाच निकष आले. त्यांत सलगतेला मान मिळाला त्यामागे डेल्फ्टचा अनुभवही होता.

अमेरिकेत वाद वेगळाच होता. सायकल-कार्यकर्ते जॉन फॉरेस्टर यांच्या विचाराचे लोक तर वेगळी मार्गिकाच नको म्हणत. सायकलस्वाराने मोटारीसारखे वागावे, एवढाच त्यांचा आग्रह. २००६च्या सुमारास पोर्टलंड शहराचे सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी सायकल चालवण्याच्या तयारीनुसार नागरिकांचे चार गट मांडले. त्यांच्या अंदाजाने जवळपास ६० टक्के लोकांना सायकल चालवायची इच्छा होती, पण वाहनांची धास्ती वाटत होती. २०१२मध्ये मेकुरिया, फर्थ आणि निक्सन या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या रस्त्यांना, सायकलस्वाराला वाहनांमुळे किती ताण येतो त्यानुसार, चार पातळ्या लावल्या. शांत गल्ल्या पुष्कळ निघाल्या, पण मोठ्या रस्त्यांनी त्यांची बेटे करून टाकली होती. अशा ठिकाणी एका सुरक्षित ओलांडणीने कित्येक गल्ल्या जोडल्या जातात, तर मैलभर लांबीच्या रंगीत पट्ट्याने कधीकधी काहीच जोडले जात नाही.

स्पेनमधल्या सेव्हियाने प्राधान्यक्रमाचा प्रश्नच जवळजवळ टाळला. २००६–०७मध्ये तिथे सुमारे ८० किलोमीटरचे, वाहनांपासून विलग, एकमेकांना जोडलेले जाळे एका दमात उभे राहिले. तोवर जेमतेम असलेले सायकलिंग काही वर्षांत कित्येक पटींनी वाढले. अर्थात एवढी राजकीय हिंमत आणि निधी एकाच वेळी क्वचितच जुळून येतात.

रस्त्यावरच्या सायकलींच्या मोजणीवर भरवसा ठेवला तर आजच्या सायकलस्वारांनाच आणखी सोयी मिळत राहतात. ही अडचण इंग्लंडमध्ये २०१७ साली जाहीर झालेल्या ‘प्रोपेन्सिटी टू सायकल टूल’ या संगणकीय साधनाने थेट हाताळली. जनगणनेतले घर ते कामाचे प्रवास, त्यांचे अंतर आणि चढ पाहून, लोक डच लोकांइतकी सायकल चालवू लागले तर कोणत्या रस्त्यावर किती येतील, याचा अंदाज ते देते. पण मूळ माहितीच नोकरीच्या प्रवासांची असल्याने बाजारहाट आणि लहान मुलांना पोचवणे-आणणे त्यात सुटते. शाळेच्या प्रवासांचा थर नंतर जोडावा लागला. फोनवरच्या व्यायाम-ॲपच्या नोंदींत कल आणखी एकांगी असतो, कारण त्या ठेवणारे बहुतेक हौशी आणि वेगाने जाणारे असतात.

या साऱ्या पद्धती हाताशी असूनही प्रत्यक्षात पहिला नंबर बहुधा सोप्या कामाचा लागतो: नदीकाठ, रुंद हमरस्ता, जिथे पार्किंग हलवावे लागत नाही अशी जागा. किलोमीटरचा आकडा फुगतो. अवघड चौक पुढच्या टप्प्यात ढकलला जातो आणि दोन्ही बाजूंचे मार्ग त्याच्यापाशी येऊन थांबतात.